ओट्याला, पायऱ्यांना, खिडक्यांना ग्रॅनाइट: कोणता घ्यायचा आणि दुकानात काय बघायचं?

मृण्मयी_घोडबंदर

नमस्कार. घोडबंदर रोडला रिसेलचा फ्लॅट घेतलाय, आणि राहायला जायच्या आधी किचनचा ओटा काढून नवीन करायचाय. आत्ताचा ओटा काळाच आहे पण सिंकच्या आजूबाजूला पार करडा पडलाय, ओल्या फडक्याने पुसला की काळा दिसतो आणि वाळला की परत राखाडी, पॉलिशवाल्याला दाखवला तर तो म्हणाला ताई हा आता काळा होणार नाही. इंटिरियरवाली म्हणते क्वार्ट्झ लावा, मिस्त्री म्हणतो ग्रॅनाइटला तोड नाही, आणि सासूबाई म्हणतात गिरगावच्या खोलीत कडप्पाचा ओटा होता तो वर्षानुवर्षं टिकला, मग एवढा खर्च कशाला.

दुकानात गेलं की नावांनीच गोंधळ उडतो. जेट ब्लॅक, टेलिफोन ब्लॅक, गॅलेक्सी, स्टील ग्रे, टॅन ब्राऊन, आणि प्रत्येकाबद्दल दुकानदार एकच वाक्य म्हणतो, "एक नंबर माल आहे". मला नुसतं रंगावरून घ्यायचं नाहीये. हा दगड मुळात आहे काय, त्याला काय सोसतं आणि काय नाही, गरम कढई ठेवली तर चालते का, हळद-तेलाचं काय, पांढरा घेतला तर पस्तावेन का? शिवाय खिडक्यांचे कट्टे आणि बाथरूमचे उंबरठेही करायचेत. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, वाचायची तयारी आहे.

नौपाडा_स्वयंपाकघर

आमचा काळा आहे, रोजचं पोळ्या लाटणं, नारळ फोडणं, कुकर आपटणं सगळं त्याच्यावरच होतं, काही झालेलं नाही. फक्त टॅंकरचं पाणी आलं की नळाखाली पांढरा थर धरतो, तो लगेच पुसायला लागतो.

खारघरचे_आजोबा

मृण्मयी, तुझा प्रश्न आवडला कारण लोक भाव आधी विचारतात आणि दगड नंतर. मी भूशास्त्र शिकवत होतो त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घे.

ग्रॅनाइट हा अग्निजन्य खडक. जमिनीच्या खाली काही किलोमीटर खोल शिलारस अडकून राहतो, वर यायला वाट मिळत नाही, आणि तिथेच हजारो-लाखो वर्षं हळूहळू थंड होतो. वेळ भरपूर मिळाल्यामुळे त्यातले स्फटिक मोठे होतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढे. दुकानात एखादी गुलाबी किंवा करडी स्लॅब बघशील तेव्हा मोबाइलचा कॅमेरा झूम करून अगदी जवळून बघ. काचेसारखे, थोडे धुरकट, मधूनच चमकणारे ठिपके दिसतील ती गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ हे खनिज (तुझी इंटिरियरवाली म्हणते ती कारखान्यातली क्वार्ट्झची लादी वेगळी). गुलाबी, पांढरे किंवा पिवळसर, सपाट बाजूंचे मोठे तुकडे दिसतात ते फेल्डस्पार, स्लॅबचा रंग मुख्यतः तेच ठरवतात. आणि काळे, पापुद्र्यांचे, उजेडात लकाकणारे ते अभ्रक, नाहीतर हॉर्नब्लेंड नावाचं काळं खनिज. हे सगळे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, मध्ये फट जवळजवळ उरत नाही, म्हणून पाणी फार कमी शिरतं आणि पॉलिश आरशासारखं येतं.

कडकपणा मोजायची मोस नावाची 1 ते 10 ची पट्टी आहे. फेल्डस्पार त्यात 6, गारगोटी 7. स्वयंपाकघरातली स्टीलची सुरी साधारण साडेपाच-सहाच्या आसपास, म्हणून ओट्यावर थेट भाजी चिरली तर ओट्याला काही होत नाही, सुरीची धार मात्र जाते. संगमरवर 3 वर येतो. कडप्पा, कोटा, शहाबादी हे तिन्ही चुनखडकाच्या घरातले, तेही मऊच. कडप्पा आंध्रातला, कोटा राजस्थानातला, शहाबादी गुलबर्ग्याच्या बाजूचा. तुझ्या सासूबाईंचं खोटं नाही, कडप्पा टिकतो, तुटत नाही लवकर. पण लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की चुनखडकावरचं पॉलिश खाल्लं जातं कारण आम्ल आणि चुना यांचं जमत नाही. ग्रॅनाइटमध्ये चुना नाही, त्यामुळे लिंबाने त्याच्या पॉलिशला काही फरक पडत नाही.

आता आपल्या ठाण्याबद्दल. पारसिकचा डोंगर, येऊरचा डोंगर, तुर्भ्याच्या खाणी, हे सगळं बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर पसरला आणि भराभर थंड झाला, म्हणून त्याचे स्फटिक इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. तोही कमी मजबूत नाही, अंबरनाथचं शिवमंदिर त्याच दगडाचं आहे, शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख आहे तिथे. पण थंड होताना आकसून त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात, जागोजागी पोकळ्या असतात, त्यामुळे त्यातून ओट्याएवढी अखंड, पॉलिश घेणारी लादी सहसा मिळत नाही. म्हणून आपल्याकडच्या दगडाची खडी होते आणि ओट्याचा दगड कर्नाटक, आंध्र, तेलंगण, तामिळनाडू, राजस्थानातून येतो. बंगळुरूजवळ रामनगरचे डोंगर ज्या ग्रॅनाइटचे आहेत तो सुमारे 250 कोटी वर्षांचा आहे. म्हणजे दक्षिणेतला असा एखादा दगड तू बसवलास तर इमारत ज्या डोंगराच्या कुशीत आहे त्याच्यापेक्षा तुझा ओटा कितीतरी पटीने जुना असेल. मला हे आजही थक्क करतं.

मृण्मयी_घोडबंदर

काका खूप खूप धन्यवाद, असं कुणीच सांगितलं नव्हतं. पण मग काळ्या स्लॅबमध्ये मला तसे गुलाबी-पांढरे दाणे दिसलेच नाहीत, सगळं एकसारखं काळं. तो पण ग्रॅनाइटच का?

खारघरचे_आजोबा

बरोबर पकडलंस. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जो चांगला माल मिळतो तो बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. हेही अग्निजन्य आणि जमिनीखालीच थंड झालेले, पण त्यात गारगोटी जवळपास नसते आणि लोह-मॅग्नेशियमची काळी खनिजं भरपूर असतात. कर्नाटकात चामराजनगरकडे डोलेराइटच्या लांबच लांब भिंतींसारख्या शिरा जुन्या खडकात घुसलेल्या आहेत, तिथला काळा दगड जगभर जातो. ज्याला गॅलेक्सी म्हणतात, सोनेरी ठिपक्यांचा, तो आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा, तो गॅब्रोच्या जातीचा, आणि ते ठिपके सोनं-बिनं काही नसून पायरॉक्सिन नावाच्या खनिजावरून उजेड परत फिरतो त्याचे असतात.

यात फसवणूक नाही. ओट्यासाठी हे काळे दगड उत्तमच, उलट घट्टपणात खऱ्या ग्रॅनाइटपेक्षा काकणभर सरस आणि थोडे जडही. फसवणूक वेगळ्या ठिकाणी होते, ते धंद्यातल्या माणसाने सांगितलेलं बरं.

तुर्भे_कटिंगवाला

मी सांगतो. आमचं कटिंग-पॉलिशचं काम आहे, घरगुती ओटे, पायऱ्या, खिडक्या सगळं करतो.

ताई तुमचा जुना ओटा जो करडा पडलाय ना तो बहुतेक रंग मारलेला माल आहे. मूळ दगड गडद राखाडी असतो, त्याला काळं केमिकल, तेल किंवा वॅक्स लावून काळा करतात, दुकानात मस्त दिसतो, मग रोजचा साबण, गरम पाणी, घासणी लागली की सिंकपाशी आधी उतरतो कारण तिथेच सगळ्यात जास्त घासलं जातं. ओला असताना काळा आणि वाळला की करडा हीच त्याची खूण. त्यावर परत पॉलिश मारून उपयोग नाही, मूळ रंगच तो आहे.

दुकानात जाताना पर्समध्ये नेलपेंट रिमूव्हर, एक पांढरं सुती फडकं, एक लिंबू आणि पाण्याची बाटली ठेवा. फडक्यावर रिमूव्हर घेऊन स्लॅबच्या कोपऱ्यात जोर लावून घासा, फडकं काळं झालं तर माल रंगवलेला. फडकं स्वच्छ राहिलं तर पुढे बोला. मग मागची बाजू बघा, जिथे पॉलिश नसतं. तिथे पाणी टाका आणि चहा सांगून थोडा वेळ थांबा. घट्ट दगडावर पाणी तसंच राहतं, ओढणारा दगड लगेच गडद होतो आणि पसरतो. लिंबू तुकड्यावर पिळून ठेवा, पुसल्यावर जागा मंद दिसली तर तो चुनखडक आहे, कोणी काहीही नाव सांगू दे.

पॉलिश बघायची पद्धत म्हणजे स्लॅब उभी असताना तिरकं उभं राहून वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं. रेघ सरळ दिसली तर पॉलिश एकसारखं, रेघ थरथरत्या पाण्यात दिसते तशी वाकडीतिकडी झाली तर दगड नीट घोटलेला नाही. मग हात फिरवा, नख अडकतं का बघा. बारीक केसासारखी रेघ दिसली तर ती स्लॅबच्या आरपार गेलीय का ते मागच्या बाजूने पाणी लावून बघायचं, भेग असेल तर पाणी तिथे जास्त वेळ ओलं राहतं. मागे जाळी चिकटवलेली असेल तर का लावलीय विचारा, काही रंगांना ती लागतेच, पण कधी कधी तुटका माल सांधलेला असतो.

जाडी स्वतः टेपने मोजा. 18 मिमी सांगतात आणि हातात 15-16 येते. ओट्याला 18 ते 20 घ्या. आणि मापाचं आधीच बोलून घ्या, कच्च्या वेड्यावाकड्या कडा धरून स्क्वेअर फूट लावणार की सरळ भाग धरून. सिंकच्या आणि शेगडीच्या कटआउटचे वेगळे पैसे असतात, मोल्डिंग म्हणजे कड घासून गोल करणं रनिंग फुटावर, म्हणजे कडेच्या लांबीवर असतं, हे सगळं लिहून घ्या नाहीतर बिलाच्या वेळी वाद होतात.

ऐरोलीकर

@तुर्भे_कटिंगवाला, दादा एक नंबर माहिती. वाचनखूण साठवली.

नौपाडा_स्वयंपाकघर

रिमूव्हरची ट्रिक आज संध्याकाळी बहिणीला सांगते, तिचा ओटा चालू आहे.

कळवा_सिव्हिल

मजबुतीबद्दल थोडं भर घालतो. ग्रॅनाइटची दाब सोसायची ताकद साधारण 100 ते 250 मेगापास्कल, आपल्या इमारतीतलं एम-25 काँक्रीट 25 चं असतं, म्हणजे फरक लक्षात घ्या. पण हीच लादी वाकवायला गेलात तर ती ताकद दहाव्या हिश्शाच्या आसपास येते. ओट्याला तडे जातात ते वरून वजन पडून नाही तर खालून आधार नीट नसल्यामुळे.

18 मिमीची लादी दर चौरस फुटाला साडेचार-पाच किलो भरते. दहा फूट बाय दोन फुटांचा ओटा म्हणजे नव्वद-शंभर किलो वजन, त्यातच सिंकसाठी मोठं भोक. सिंकच्या पुढची जी दोन-तीन इंचाची पट्टी उरते तो सगळ्यात नाजूक भाग, तिथेच लिफ्टमधून वर आणताना तडकते. म्हणून लादी नेहमी उभी, कडेवर धरून न्यायची, आडवी कधीच नाही. कटआउटचे आतले कोपरे काटकोनात न ठेवता थोडे गोल ठेवायला सांगा, टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. खाली कडप्पाचे उभे सपोर्ट, त्यावर आडवी कडप्पाची लादी आणि त्यावर सिमेंटचा मसाला भरून ग्रॅनाइट, ही आपली जुनी पद्धत चांगलीच आहे, फक्त खाली पोकळ राहता कामा नये. बसवल्यावर बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ जागी आवाज लगेच बदलतो. सासूबाईंचा कडप्पा असा खालून उपयोगाला येतोच.

गरम कढईचं: ग्रॅनाइट मुळातच सातशे-आठशे अंशांच्या शिलारसातून गोठलेला, त्यामुळे कढईच्या उष्णतेने तो जळत नाही, रंग बदलत नाही. पण त्याच जागी तापलेला तवा ठेवून लगेच गार पाणी ओतणं टाळा, सिंकजवळच्या अरुंद पट्टीवर तर नकोच.

क्वार्ट्झच्या लाद्या म्हणजे गारगोटीचा चुरा रेझिनमध्ये (प्लॅस्टिकसारख्या डिंकात) बांधून कारखान्यात केलेल्या. रंग एकसारखा, डाग कमी, दिसायला छान. पण रेझिन साधारण 150 अंशांच्या पुढे करपतं, पिवळा चट्टा पडतो आणि तो निघत नाही. फोडणीची कढई थेट ओट्यावर उतरवणाऱ्या घरात मी क्वार्ट्झ सुचवत नाही. उन्हाच्या बाल्कनीतही नाही.

सीवूड्स_अनघा

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे आणि या धाग्यावर एक गोष्ट आल्याशिवाय राहू नये असं मनापासून वाटतं.

दगड कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी साधारण एक पंचमांशापासून पुढे असते, कारखान्यातल्या क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये बऱ्याचदा 90 टक्क्यांच्या वर. त्यातली जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात-घशात अडकते, जी दिसतच नाही ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे जखमेसारखे व्रण तयार होत जातात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. बरा करणारं औषध नाही, काम थांबवलं तरी आजार वाढू शकतो, आणि अशा माणसाला टीबी होण्याची शक्यता खूप वाढते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून कारखान्यातल्या या क्वार्ट्झ लाद्यांवर बंदी घातली ती कारागिरांच्या फुप्फुसांमुळेच. राजस्थान सरकारने 2019 मध्ये सिलिकोसिससाठी वेगळं धोरण आणलं कारण तिथे खाणकामगारांमध्ये हे प्रमाण फार आहे.

माझ्याकडे ओपीडीत जे येतात त्यांना बरेचदा वाटत असतं की दम लागतो तो बिडीमुळे. काम काय करता विचारलं की कळतं लाद्या कापतात. हाताला पांढरी धूळ चिकटलेली असते, पापण्यांवरसुद्धा असते.

तुमच्या घरी जो मुलगा ग्राइंडर घेऊन सिंकचा कटआउट मारणार आहे तो तोंडाला रुमाल बांधून बसेल. रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क याला पुरत नाही. पाणी टाकत कापलं तर धूळ जागीच चिखल होऊन बसते, हाच सगळ्यात मोठा बचाव. मृण्मयीताई, एवढी विनंती आहे, घरात कोरडं कटिंग करू देऊ नका. जास्तीत जास्त कटिंग वर्कशॉपला पाण्याच्या मशीनवर करून आणायला सांगा, घरी जे थोडं करावं लागेल ते पाणी टाकत, बाल्कनीत, एन-95 मास्क घालून, आणि ते मास्क तुम्हीच आणून द्या. लहान मुलं, म्हातारी माणसं त्या दिवशी घरात नकोत. काम झाल्यावर कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

तुर्भे_कटिंगवाला

डॉक्टर मॅडमचं शंभर टक्के खरं आहे आणि आमच्या लाइनमधल्या कुणीतरी हे मोठ्याने म्हणायला पाहिजे. आमच्याकडे ब्रिज कटरवर पाणी सतत चालू असतं. साइटवर एकजण ग्राइंडर चालवतो आणि दुसरा बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडून पात्यावर थेंब थेंब पाणी सोडत बसतो. ते साधं दिसतं पण त्याने धूळ खरंच बसते, पातं पण जास्त टिकतं. पाण्याजवळ विजेचं मशीन वापरायचं म्हणून साइटवर ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आहे ना ते बघूनच प्लग लावायचा, जोडाच्या उघड्या वायरी नकोत. पार्टी म्हणते घरात चिखल नको, कोरडं कापा लवकर आटपा. तेव्हा आम्हालाच नाही म्हणावं लागतं आणि काम जातं. तुम्ही लोकांनी स्वतःहून ओलं कापा म्हटलं तर आमच्या पोरांना बळ येतं.

मृण्मयी_घोडबंदर

अनघाताई, दादा, दोघांचेही आभार, हे मी काम ठरवतानाच बोलून घेईन आणि मास्क आणून ठेवेन. क्वार्ट्झचा विचार इथेच सोडला. आता पांढऱ्याबद्दल सांगा ना, किचन उत्तरेकडे आहे, उजेड कमी येतो, म्हणून फिका रंग हवाय.

तुर्भे_कटिंगवाला

फिका घ्या पण सांभाळून. काश्मीर व्हाइट वगैरे नावाने जे मिळतं ते पाणी-तेल जास्त ओढतं. हळदीचं पाणी रात्रभर राहिलं तर पिवळा डाग आत जातो. बसवायच्या आधी सहाही बाजूंनी सीलर (पाणी-तेल आत शिरू न देणारं द्रव) मारून घ्या, नुसता वरून नाही. आणि खाली साधा काळा सिमेंट मसाला नको, तो फिक्या दगडातून वर उमटतो, पांढरा अ‍ॅडेसिव्ह वापरायचा. घट्ट काळ्याला सीलरची गरज नसते, त्यावर सीलर मारला तर उलट वर चिकट थर राहतो.

खारघरचे_आजोबा

आणखी एक कारण. काही फिक्या दगडांत लोह असलेली खनिजं असतात, बारीक लाल गार्नेटचे ठिपके दिसतात ना, तशी. पाणी आणि आम्ल लागून त्यातलं लोह गंजतं आणि पिवळसर-तपकिरी छटा येते. ती धुऊन जात नाही कारण ती दगडाच्या आतूनच आलेली असते. म्हणून टाइल साफ करायचं अ‍ॅसिड ओट्यावर कधीही नको. अंधार हीच अडचण असेल तर ओटा मध्यम करडा घे आणि भिंतीच्या टाइल्स पांढऱ्या लाव, उजेड भिंतीवरून जास्त परततो.

नौपाडा_स्वयंपाकघर

डाग काढायला माझी पद्धत लिहिते. तेलाचा डाग असेल तर खायचा सोडा पाण्यात दाटसर कालवून डागावर जाड थापायचा, वर प्लॅस्टिक लावून कडेने चिकटपट्टी, रात्रभर ठेवायचं, सकाळी प्लॅस्टिक काढून पूर्ण वाळू द्यायचं आणि मग लाकडी उलथन्याने खरवडायचं. वाळताना तो तेल वर ओढून घेतो. जुना डाग असेल तर पुन्हा करावं लागतं. हळदीला सोड्यात पाण्याऐवजी मेडिकलमध्ये मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड. रोज मात्र भांड्यांच्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं एवढंच, तारेची घासणी नको.

शुभा_कोपरखैरणे

मध्येच विचारते, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की ग्रॅनाइटमधून रेडिएशन येतं आणि कॅन्सर होतो. घरात लहान बाळ आहे म्हणून भीती वाटते.

खारघरचे_आजोबा

शुभाताई, भीती नको. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम अत्यल्प प्रमाणात असतात हे खरं आहे, जमिनीत, विटेत, अगदी केळ्यातही थोडं किरणोत्सारी पोटॅशियम असतंच. ओट्याच्या लादीतून जो रेडॉन वायू सुटतो तो जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉनपुढे नगण्य असतो, आणि आपली स्वयंपाकघरं तर दिवसभर उघडी. काळ्या डोलेराइटमध्ये हे आणखी कमी. बाळाच्या दृष्टीने मी वर डॉक्टरांनी लिहिलेली कटिंगची धूळ जास्त महत्त्वाची मानेन.

देगलूरहून_ठाण्यात

सर्वांना नमस्कार, थोडं वेगळं लिहितो. सगळे म्हणतात महाराष्ट्र म्हणजे काळा पाषाण, पण आमच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, लाव्ह्याचं पांघरूण संपतं आणि खालचा गुलाबी ग्रॅनाइट उघडा पडतो. लहानपणी शेताच्या बांधावर हत्तीएवढे गोल धोंडे बघितलेत, एकावर एक रचल्यासारखे, उन्हाने आणि पावसाने त्यांचे पापुद्रे सुटतात आणि खाली जाड वाळू पडते. विहीर खणताना वरचा मुरमाड थर गेला की असा कातळ लागतो की पाणी फक्त भेगेत सापडतं, दोन हातांवर दुसरी विहीर कोरडी. सिंधुदुर्गात, गडचिरोलीतही असे जुने खडक आहेत.

आमच्याकडचे वडार लोक पूर्वी पहारीने ओळीत भोकं पाडून लोखंडी पाचरी ठोकायचे. एकेका पाचरीवर आळीपाळीने घण पडायचा, घाई नाही, आणि आवाज बदलत जायचा, शेवटी एक कोरडा कडकन आवाज आणि एवढा मोठा दगड सुतासारखा सरळ फाटलेला. कुठल्या दिशेने फाटेल हे ते हात फिरवून सांगायचे. आता हिऱ्याच्या मण्यांची वायर फिरवून कापतात, काम भराभर होतं. पण ती माणसं दगड जसा ओळखायची तसा मी नंतर कुणाला ओळखताना पाहिला नाही, त्यांचा उल्लेख इथे व्हावा असं वाटलं.

खारघरचे_आजोबा

फार चांगलं लिहिलंत. हे ज्ञान किती जुनं आहे बघा. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर 1010 च्या सुमारास पूर्ण झालं, सगळं ग्रॅनाइटचं, शिखर साठ मीटरच्या आसपास, आणि तंजावर शहराच्या लगत ग्रॅनाइट नाही, दगड लांबून आणावा लागला. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर 57 फुटांचा, एकाच ग्रॅनाइटच्या डोंगरमाथ्यातून दहाव्या शतकाच्या शेवटी कोरलेला. त्याच्या पायाशी "श्रीचावुण्डराजें करवियलें" ही मराठी ओळ आहे, आणि उघड्यावर इतकी शतकं ऊनपाऊस खाऊन अक्षरं वाचता येतात. ग्रॅनाइट कोरायला अतिशय अवघड, म्हणून त्यातली शिल्पं संगमरवरासारखी नाजूक नक्षीची नसतात, ठसठशीत असतात. पण एकदा कोरलं की टिकतं.

ऐरोलीकर

माझा प्रश्न सोसायटीचा आहे. आमच्या लॉबीत आणि जिन्यात पॉलिश केलेला ग्रॅनाइट आहे, पावसाळ्यात छत्र्यांचं पाणी पडतं आणि माणसं घसरतात, मागच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंचा हात मोडला. बदलायचं म्हटलं तर खर्च झेपणार नाही. काय करता येईल? आणि नवीन रॅम्प करायचाय त्याला कोणतं फिनिश?

कळवा_सिव्हिल

नवीन रॅम्पला आणि उघड्या पायऱ्यांना फ्लेम फिनिश घ्या. लादीवर गॅसची ज्योत फिरवतात, गारगोटीची रचना 573 अंशांना बदलते आणि ती एकदम फुगते, त्यामुळे वरचा पातळ थर टवके होऊन उडतो आणि खरबरीत पृष्ठभाग राहतो. अर्थात त्यासाठी दगडात गारगोटी पाहिजे, म्हणून करडा किंवा गुलाबी खरा ग्रॅनाइट घ्या. काळ्या डोलेराइटला हे तसं जमत नाही, त्याला लेदर फिनिश (चामड्यासारखा किंचित खडबडीत पृष्ठभाग) करतात, ते घरात ठीक पण रॅम्पला पुरेसं नाही. फ्लेममध्ये वरचा थर जातो म्हणून लादी जाड घ्या, 20 मिमीच्या खाली नको.

मृण्मयी, तुझ्या खिडक्यांसाठी पण इथेच लिहितो. कट्ट्याला बाहेरच्या बाजूने थोडा उतार द्यायचा, भिंतीच्या बाहेर इंचभर पुढे काढायचा आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या खालून कटरने एक सलग बारीक खाच मारून घ्यायची. पावसाचं पाणी खालून भिंतीकडे सरकतं ते त्या खाचेपाशी गळून पडतं. घोडबंदरला वारा आणि पाऊस आडवा येतो, ही खाच नसेल तर आतल्या भिंतीला ओल धरलीच समज. बाथरूमच्या उंबरठ्याला उरलेले तुकडे चालतात, त्यासाठी वेगळी लादी घेऊ नको.

तुर्भे_कटिंगवाला

ऐरोलीकर साहेब, बसवलेल्या पायऱ्या काढायची गरज नाही. प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला, नोजिंगपासून (पायरीच्या पुढच्या टोकापासून) इंचभर आत, दोन किंवा तीन समांतर खाचा मारून घ्या, पाणी टाकत कापायचं हे वर मॅडमनी सांगितलंच आहे. लॉबीत लिफ्टपर्यंत जाड मॅट टाका. बाजारात पायरी न घसरणारी करतो म्हणून लिक्विड विकतात, त्यातल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते दगड खातं आणि हाताला लागलं तर हाडापर्यंत जातं, वॉचमनच्या किंवा सफाईवाल्याच्या हातात तसलं काही देऊ नका. खाचा मारायच्या नसतील तर खरबरीत अँटीस्किड पट्टी मिळते, ती पण चालते, फक्त मे महिन्यात लावून घ्या, पाऊस सुरू झाल्यावर दगडात दमटपणा असतो आणि चिकटवलेली पट्टी आठवड्यात सुटते.